चौथ्या मजल्यावरचा उघडा नळ

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका गच्चीवर डाळ वाळवायला जमल्या की बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी गळतीवरच येतं. सहा मजले, म्हणजे जवळपास प्रत्येकीच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाची तरी मोरी. गोष्टी साठायला आणखी काय लागतं? माझ्याकडेच दोन बादल्या भरतील एवढ्या जमल्यात.

यवतमाळात तेव्हा उंच बिल्डिंगा मोजक्याच होत्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि आर्णीहून सासूबाई घर बघायला आल्या. एप्रिलचं ऊन तापलेलं आणि स्वयंपाकघराच्या छतातून टपटप चाललेली. त्यांनी खिडकीतून आभाळ पाहिलं, मग छत पाहिलं.

"आमचं घर पावसाळ्यात गळते, तुमचं बाराही महिने," त्या म्हणाल्या. "म्हणून महाग पडलं काय?"

*

गळती काढायला गफ्फारभाई प्लंबर यायचे. पान्यापेक्षा कानच जास्त वापरायचे. डॉक्टरसारखे भिंतीला कान लावून उभे राहायचे आणि आम्हाला श्वासही घेऊ द्यायचे नाहीत. एकदा त्यांनी वरच्या मोरीतली फरशी फोडून सिमेंट भरलं. आठ दिवसांनी गळती गॅसच्या शेगडीवरून सरकून देवघरावर आली. मी तक्रार केली तर त्यांचा चेहरा उजळला.

"जागा बदलली नं ताई? म्हणजे घाबरली. आता निघतेच."

अजून निघालेली नाही.

*

गंमत म्हणजे एवढी गळती, आणि पाणी मात्र आठ-आठ दिवसांनी यायचं. कधी येईल त्याचा नेम नसायचा. म्हणून घरोघर एकच पद्धत होती. नळ उघडा सोडायचा आणि खाली पितळी परात उपडी घालायची. पाणी आलं की परात वाजायची. घरात माणूस असेल तर ठीक.

चौथ्या मजल्यावरच्या मेश्राम सिस्टर दवाखान्यात नर्स होत्या, एकट्याच राहायच्या. एकदा त्या नळ तसाच सोडून ड्युटीवर गेल्या. पाणी आलं, परात सरकून मोरीच्या जाळीवर बसली आणि पाणी दाराखालून निघून जिना उतरायला लागलं. भांडायला कोणी गेलं नाही. आठ दिवसांनी आलेलं पाणी वाया कोण घालवतं? आम्ही पायरी-पायरीवर बादल्या घेऊन बसलो. जिना धुऊन निघाला, वापरायच्या पाण्याचे ड्रम भरले.

संध्याकाळी सिस्टर ओशाळून दारोदार माफी मागायला आल्या. त्यांच्या खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या शांताकाकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "माफी कायले मांगता? पुढच्या टायमाले सांगून सोडा. माह्या गोधड्या धुवायच्या राह्यल्या."

*

शांताकाकूंचे यजमान वासुदेवभाऊ. शेती दारव्ह्याकडे, मुलांच्या कॉलेजसाठी इथे फ्लॅट. कापसाचा भाव पडला ती वर्षं होती. भाव चढेपर्यंत विकायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि गावच्या घरात उंदीर फार म्हणून कापूस थेट तिसऱ्या मजल्यावर आणला. लिफ्टमध्ये 'फक्त सहा व्यक्ती' अशी पाटी. वॉचमननं ती दाखवून गाठोडी अडवली.

"मोजून पाह्य नं बाप्पा," भाऊ म्हणाले, "यात एक तरी व्यक्ती आहे काय?"

दोन खोल्या कापसानं छतापर्यंत भरल्या. पाहुण्यांना कापसावरच बसवायचे. भाऊंची काळजी एकच: वर्षाची मेहनत कोरडी राहिली पाहिजे. ओला कापूस सरकारी खरेदीच्या सेंटरवर कोणी घेत नाही.

आणि त्या खोल्यांच्या बरोबर वर सिस्टरांची मोरी.

*

व्हायचं ते झालंच. सिस्टर बहिणीकडे फुलसावंगीला गेलेल्या, दाराला कुलूप, नळ उघडा. भर दुपारी शांताकाकूंची हाक आली. जाऊन बघते तर छताच्या कोपऱ्यातून धार लागलेली. आमचे हे गच्चीवर टाकीचा कॉक बंद करायला पळाले. बाकीच्यांनी कवेत मावेल तेवढा कापूस उचलला आणि जे दार उघडं दिसलं तिथे नेऊन टाकला. अर्ध्या तासात भाऊंचं पीक सहाही मजल्यांवर पसरलं. माझ्या दिवाणावर, कोणाच्या देवघरात, कोणाच्या रिकाम्या पाळण्यात. एक गाठोडं तेवढं भिजलं. भाऊंनी ते गच्चीवर नेऊन उन्हात पसरलं.

सिस्टर परतल्या, सगळं ऐकलं आणि जिन्यातच बसल्या. मग उठून आपली झोपायची खोली रिकामी केली आणि आमच्या दिवाणावरचा कापूस स्वतः उचलून नेला. त्या दिवशी त्यांनी नळ घट्ट बंद केला तो केलाच. परात भिंतीला टांगली. पाणी यायचं आणि जायचं, त्यांना पत्ता नसायचा. आम्ही किती समजावलं, त्या नळ उघडा सोडायला तयार होईनात. महिनाभर एकेका घरातून एकेक घागर चौथ्या मजल्यावर चढत होती. सगळ्यात जास्त शांताकाकूंची.

शेवटी सेंटर सुरू झालं. भाव मनासारखा नव्हता, पण भाऊ म्हणाले, आता बस झालं. घराघरांतून कापूस खाली आला, गाडी भरली. सिस्टरांकडचं गाठोडं शेवटचं राहिलं होतं. ते आणायला भाऊ स्वतः वर गेले, मी मागोमाग होते. त्यांनी गाठोडं खांद्यावर घेतलं, दारापर्यंत आले, आणि ते खाली ठेवून मागे वळले. मोरीत जाऊन नळ पुरता उघडला. भिंतीवरची परात काढून त्याखाली उपडी घातली.

"राहू द्या आता उघडा, सिस्टर," ते म्हणाले. "खाली आता फक्त आम्हीच आहो."