चार चकत्या आणि चौथे कातडे

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. त्या दिवशी पूर्व टेनेसीत खंडग्रास सूर्यग्रहण होते आणि दुपारी एकच्या सुमारास सूर्याचा जवळजवळ अर्धा भाग झाकला गेला, हे वेधशाळांच्या तक्त्यांवरून कोणालाही तपासता येईल. पुढील मजकुराला मात्र स्पर्धेचे निकाल नोंदवणाऱ्या ओपलमावशीची वही आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी एवढाच आधार आहे.

लॉरेल खोऱ्यात त्याच दिवशी ठासणीच्या बंदुकांची वार्षिक नेमबाजी होती. नेमबाजाने घरून जाळून काळी केलेली आपली फळी साठ यार्डांवर उभी करायची, ओंडक्यावर नळी टेकवून पालथे पडायचे आणि फळीवरच्या पांढऱ्या कागदावर दहा गोळ्या झाडायच्या. प्रत्येक भोकापासून मध्यापर्यंतचे अंतर ओपलमावशी दोऱ्याने मोजते. ज्याचा एकूण दोरा सर्वांत आखूड, तो पहिला. बक्षीस एक बैल. पहिल्या चौघांना मांसाचा एकेक पाव हिस्सा, पाचव्याला कातडे व चरबी, सहाव्याला काही नाही.

डेलमर कॅगल सलग तीन वर्षे पाचवा आला होता.

वय एकाहत्तर, हयात लाकूडगिरणीत करवतींना धार लावण्यात गेलेली. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, त्याला अजून स्पष्ट दिसे, पण डोळ्याजवळची नेमाची खाच कापूस चिकटवल्यासारखी दिसे. तिन्ही कातडी घरच्या ओसरीवर टांगलेली होती. त्यांच्या वासाने टपालवालाही पत्रे फाटकातूनच फेकू लागला, तेव्हा त्याची बायको वर्लीन हिने निर्वाणीचे सांगितले, "चौथं कातडं घरात आलं, तर त्यातच गुंडाळून तुला ओसरीवर झोपवीन."

तेव्हा डेलमरने खाच काढली आणि तिच्या जागी, जिच्या भोकातून नेम धरायचा अशा चकतीसाठी पितळी बैठक बसवली. नियमानुसार बंदुकीला काच, म्हणजे भिंग किंवा दुर्बीण, चालत नाही. भोकाविषयी नियमात काही नाही. बारीक भोकातून माशी रेखीव दिसते पण उजेड कमी येतो, मोठ्यातून उजेड भरपूर पण माशी इकडेतिकडे तरंगते. कोणते भोक निवडावे हे ठरवण्यासाठी त्याने सात आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या कोंबड्यांवर रिकाम्या बंदुकीने नेम धरला. त्या कोंबड्यांनी अंडी देणे थांबवले, असे शेजाऱ्याचे म्हणणे. त्याला पुरावा नाही.

अखेरीस चार चकत्या उरल्या: पितळेची, लोखंडी वॉशरची, तंबाखूच्या डबीच्या झाकणाची आणि एका काळ्या बटणाची. बटणाला चार भोके होती; पैकी तीन मेणाने बुजवलेली.

स्पर्धेत त्याचा मामेभाऊ हर्शल टिप्टन शेजारच्याच ओंडक्यावर होता.

"डेलमर, बंदूक आणलीस की कुलूप? किल्ली कुठून घालायची?"

"तू आधी तुझी फळी शोध. मागच्या वर्षी तीन गोळ्या माझ्या फळीत घातल्यास."

"मदत केली, बाबा! तुझ्या तर तिथे पोचतच नव्हत्या."

डेलमरच्या नऊ गोळ्या झाल्या तेव्हा हर्शल दहाही संपवून चौथा होता आणि डेलमर, अर्थातच, पाचव्या जागेच्या वाटेवर. ओपलमावशीने दोरा ताणून पाहिला. "शेवटची गोळी मध्यापासून नखभर अंतरात बसव, डेलमर, म्हणजे तू चौथा."

नवऱ्याचा डबा घेऊन आलेली वर्लीन म्हणाली, "त्यापेक्षा सरळ मागच्या टेकाडात मार. सहावा येशील. कातडं टळेल."

"मी मुद्दाम चुकत नाही," डेलमर ताठपणे म्हणाला. "ते मला आपोआप जमतं."

तेवढ्यात ग्रहण भरात आले. वर बघायचे नाही म्हणून ओपलमावशीने नेमबाजी थांबवली. डेलमरला चकत्यांची आठवण झाली. त्याने बैठकीतली चकती काढली, पिशवीतल्या तीनही घेतल्या आणि एक कोऱ्या कागदावर धरून दाखवली: भोकाखाली सूर्याची इवलीशी, चावा घेतलेली भाकरी उमटली. क्षणात सगळे ओंडके ओस पडले. "मला दे", "ढकलू नकोस रे" असे करत चारही चकत्या तीसेक हातांतून फिरल्या.

"डेलमर!" वर्लीनचा आवाज आला. तिच्या अंगावरच्या काळ्या कोटाला वरून दुसरे बटण नव्हते. "चर्चमध्ये दोन महिने सेफ्टी पिन लावून बसतेय मी! आणि हे काय? यात मेण?"

"तीनच भोकांत आहे," डेलमर म्हणाला.

यानंतर साक्षींना फाटे फुटतात. वर्लीन सांगते की तिने बटण तिथेच मुठीत घेतले आणि घरी पोचेपर्यंत मूठ उघडली नाही. डेलमर सांगतो की ती रागाने डबा उघडत असताना ते त्याने परत घेतले आणि बंदुकीत बसवले. हर्शलच्या मते बैठक रिकामीच होती.

गोळी सुटली. धूर विरल्यावर ओपलमावशी फळीजवळ गेली, वाकली, चष्मा पुसून पुन्हा वाकली. वहीत नोंद आहे: "डी. कॅगल, दहावी, नखाच्या आत. चौथा." त्याखाली हर्शल पाचवा. मजकूर एकाच पेनाने लिहिलेला आहे, खाडाखोड नाही.

डेलमरने मांसाचा पाव हिस्सा गाडीत टाकला. वर्लीन वाटेत दोनदा हसली.

रविवारी सकाळी चर्चला निघताना तिने दार उघडले. ओसरीवर चार कातडी होती. चौथे ताजे होते आणि त्याला भेटवस्तूसारखी लाल फीत बांधलेली होती.

"शपथेवर सांगतो, मी नाही," हर्शल म्हणतो. त्याची बायको त्याच वेळी खिडकीबाहेर पाहू लागते.

निकालाबद्दल वर्लीनने वाद घातला नाही, पण शब्द म्हणजे शब्द. डेलमर त्या आठवड्यात तीन रात्री ओसरीवर झोपला.

शेवटच्या गोळीच्या वेळी बैठकीत कोणती चकती होती, हे ज्ञात नाही. काळे बटण कोटावर पुन्हा शिवलेले आहे; मेण काढले गेले आहे, त्यामुळे तपासणी शक्य नाही. चौथे कातडे ओसरीवर कोणी ठेवले, हेही ज्ञात नाही.