मिस्त्रींचा काळा दोरा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीची डागडुजी करणारे एक मिस्त्री आहेत. कुणाचंही काम असो, "चालेल" यापलीकडे कौतुक नाही. त्यांच्या लेकीनं त्यांना आमच्या सहलीबरोबर बार्सिलोनाला धाडलं. तिथलं ते प्रसिद्ध चर्च शंभरावर वर्षं झाली तरी अजून बांधलंच जातंय.

आत शिरलो आणि काय सांगू, खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटलेले, अंगावर रंगीत ऊन. मिस्त्रींनी हातातली पिशवी खाली ठेवली. खांबाखांबावरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "ताई, दृष्टीची काळी बाहुली कुठं दिसत नाही. अर्धं बांधकाम, रोज एवढ्या नजरा."

"अहो, इथं तशी पद्धत नसते."

बाहेर येऊन त्यांनी मान वर केली. पार उंचावर परांचीवर माणसं काम करत होती, मुंगीएवढी.

मिस्त्रींच्या मनगटाला काळा दोरा असायचा. उंचावर कामाला जायचे म्हणून बायको दर वर्षी नवा बांधायची. हा तिनं बांधलेला शेवटचा. तो त्यांनी दातांनी सोडवला आणि कुंपणाच्या जाळीला गाठ मारून बांधला.

"अहो, वहिनींचा दोरा ना तो?"

"मी आता जमिनीवरच असतो, ताई. ही माणसं अजून वर आहेत."