कोकेशीच्या कपाळावरचं कुंकू

"मॅडम, काका उठे नहीं," कामगारांना कॅम्पवरून आणणारा व्हॅनचा ड्रायव्हर ऑफिसच्या दारात उभा राहून म्हणाला. मी हातातली ड्रॉइंग्ज तशीच धरून बसले. बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं लेथ चालवणारे दत्ताराम मेस्त्री, आम्हा सगळ्यांचे काका, रात्री झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. चार दिवसांनी त्यांचा देह गावी गेला. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

मी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लग्नानंतर बहारीनला आले आणि या वर्कशॉपच्या ऑफिसात लागले, तेव्हा शिकलेलं माणूस म्हणजे पुस्तकं वाचलेलं माणूस, अशी माझी ठाम समजूत होती. काका आठवी पास. पहिल्याच आठवड्यात ते लेथवर कातलेला एक लोखंडी शाफ्ट घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "कागद मगे वाच. आधी ह्येच्यावर बोट फिरव." बोटाला काहीच लागलं नाही. "लागूक नाय ना? म्हणजे काम बरा झाला." त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

त्यांच्या लेथशेजारच्या कपाटावर एक लाकडी बाहुली उभी असायची. गोल डोकं, लांबट धड, हात नाहीत, पाय नाहीत. अंगावर लाल फुलं आणि तळाला शाईने केलेली कारागिराची सही. इथल्याच हिद्दला एका पंपाच्या कामावर आलेल्या जपानी इंजिनिअरने काकांचं काम पाहून जाताना ती त्यांना दिली होती. अशा बाहुलीला कोकेशी म्हणतात आणि तीही लेथवरच घडते, हे कळल्यावर काकांना वेडच लागलं. त्यांचे वडील सावंतवाडीकडे दोरीने फिरवायच्या लेथवर लाकडी खेळणी करायचे. जपानात कुणीतरी आपल्याच घरचं काम करतंय, असं त्यांना वाटलं असावं... रिफातल्या व्हिलांमधून परदेशी कुटुंबं देश सोडून जाताना घरातलं सामान विकायला काढतात. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, काका तिथे जायचे. बाहुली दिसली की चेहऱ्याकडे न बघता आधी ती उलटी करायचे, मग अंगठ्याचं नख धडावरून हळूच फिरवायचे. "हंयसर त्येची पटाशी थांबली. दम खाल्लान, मगे परत लावल्यान." कधीही न पाहिलेल्या माणसाचा श्वास त्यांना लाकडात सापडायचा. त्यांच्या खोलीत अशा तीस बाहुल्या जमल्या. कॅम्पवरची पोरं चिडवायची, "काका, एवढ्या पोरींची लग्नं कधी?" काका म्हणायचे, "आधी तुझा जमांदे. तुका कोण बघूक येणा नाय."

एका वर्षी दसऱ्याला काका रजेवर गावी होते. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशिन्सची पूजा होते आणि हळदकुंकवाचं ताट माझ्याकडे असतं. काकांच्या लेथला कुंकू लावलं आणि कपाटावरच्या कोकेशीकडे लक्ष गेलं. हीसुद्धा लेथवरच जन्मलेली, हिला का वगळायचं? असं वाटून मी ओलं कुंकू तिच्या कपाळावर टेकवलं. ते ओघळून भुवईपर्यंत आलं. मी घाबरून ओल्या रुमालाने पुसलं, तर भुवईचा काळा रंगही फिसकटला. जुन्या लाकडावरचं मेण कधीच उतरलेलं होतं. कुंकू आत मुरलं, ते कायमचं.

काका परत येईपर्यंतचे अठरा दिवस मी नीट जेवले नाही. त्यांना सगळं सांगितलं. ते बाहुली घेऊन लेथपाशी गेले, लेथच्या चकच्या जबड्यांना कापड गुंडाळून तिला आत बसवलं आणि मशिन सुरू केलं. डाग तासायला पटाशी हातात घेतली... आणि मशिन बंद केलं. "दोन मिनटांचा काम," ते म्हणाले, "पण मगे ज्येणा घडवल्यान त्या माणसाचो हात जातलो गो." बाहुली त्यांनी जागेवर ठेवली. पुढचे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग समजत होता. तो संपेल की नाही, हे मात्र समजत नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला त्यांच्या लेथपाशी आल्यावर मी ताट मागे घेतलं. बाहुलीकडे बघायचंही धाडस नव्हतं. काकांनी स्वतःच ती खाली काढली आणि दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"थांबलंस कित्याक? लाव."

"काका, नको..."

"एकदाच लावलंस तर तो डाग. दर वर्साक लाव, मगे तो टिळो. पण कोरडा लाव हां, बाये. शिकलेली मा तू?"

सगळं वर्कशॉप हसलं. मी रडत होते. त्यानंतर पाच वर्षं मी तो टिळा लावला.

काका गेल्यावर त्यांच्या तीस बाहुल्या मी एकेक कापडात गुंडाळून गावी पाठवल्या. काकूंना फोनवर कपाटावरच्या एकतिसाव्या बाहुलीचं विचारलं, तर म्हणाल्या, "ती थंयच रवांदे. तुमच्यातली ती."

परवा दसरा झाला. काकांच्या लेथवर आता एक पंजाबी तरुण आहे. त्याने मशिन पुसून लख्ख केलं होतं, फुलं वाहिली होती. मी ताट घेऊन पुढे झाले तेव्हा त्याची नजर कपाटाकडे गेली.

"मॅडम, इसको भी लगाना है?"

"पहले इसको," मी म्हणाले.