पाव मिजेट आणि उरलेली पाऊण

शनिवारी पहाटे फजरची नमाज पढून थेट दुकानात गेलो आणि अमेरिकेहून आलेली पेटी फोडली. आत एकच गाडी... तीही जेमतेम माझ्या कमरेएवढी!

आमचं दुकान जेद्दात, अल अझीझियात. नुसते स्पेअर पार्ट विकत होतो तोवर बरं होतं. आता मालकाला मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या रेसच्या गाड्यांचं वेड लागलंय. चाकं उघडी, वर लोखंडी पिंजरा, ना दार ना दिवा... आणि नावं स्प्रिंट, मिजेट, मायक्रो स्प्रिंट. मला तर सगळ्या एकाच आईची लेकरं दिसतात.

त्यात सरकारचं हे सौदायझेशन. काउंटरवर सौदीच हवा म्हणून फैसल आला, आणि त्याला तयार करायचं काम माझ्यावर. मालक दर आठवड्याला विचारतो, "झाला का तयार?" मी म्हणतो, "थोडं बाकी आहे." कारण ज्या दिवशी मी 'हो' म्हणेन, त्यानंतर माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रिन्यू होणार नाही... आणि धाकटीचं कॉलेज अजून व्हायचंय.

तर पेटीवर लिहिलं होतं, क्वार्टर मिजेट. मी गावच्या शाळेत पावकी घोकलेला माणूस. पाव आली म्हणजे पाऊण यायची राहिली! दुकानाच्या मोबाइलवरून गिऱ्हाईकाला मेसेज टाकला... तुमची गाडी सध्या पावच आली आहे, उरलेली आली की कळवतो.

फैसल आला, मेसेज वाचला आणि पोट धरून हसला. "अहो हाजी, ही अख्खी आहे! लहान मुलांची गाडी."

मी वैतागलो. "मग पाव कशाला म्हणायचं? लहान पोराला कुणी पाव माणूस म्हणतं का?"

"माझी आजी मला अजून म्हणते!"

मग त्यानंच मला शिकवलं. सगळ्यात दांडगी ती स्प्रिंट, तिच्याहून लहान मिजेट. मोटरसायकलचं इंजिन लावलेली ती मायक्रो स्प्रिंट. आणि पोरांसाठी मिजेटचं छोटं रूप, ते क्वार्टर. एवढं साधं होतं... पण अशी नावं देणाऱ्यांना कोण विचारणार!

तेवढ्यात मालक तणतणत आत आला. गिऱ्हाईकानं त्याला फोनवर चोर म्हटलं होतं. "हा मेसेज कुणी पाठवला?"

मी तोंड उघडणार, तोच फैसल म्हणाला, "मी. नवीन आहे, चुकलं."

मालकानं त्याला चांगलाच झाडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू म्हणतोस ते खरं. पोरगा अजून कच्चा आहे."

दुपारी असरच्या नमाजेला उभा राहिलो, पण मन कशातच लागेना. अल्लाहसमोर हात बांधून उभा, आणि बाहेर माझी खोटी साक्ष खरी ठरलेली...

दोन दिवस स्वतःवरच चिडचिड केली. आज सकाळी मालकाच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं... मेसेज माझा होता. आणि फैसल तयार आहे, केव्हाचाच.