फरशीतली ऊब

आमच्या अमेरिकेतल्या नोव्हायच्या घरात ना हीटरची जाळी, ना गरम हवेचा झोत. फरशीखाली काँक्रीटमध्ये नळ्या पुरल्या आहेत. बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं आणि जमीनच तापते. पाहुणे आले की मी मिरवायचो, "मोजे काढा, मग कळेल." आईला नागपूरहून कायमचं आणलं तेव्हा तिलाही हेच ऐकवलं. "जमिनीखाली चूल! काय एकेक खूळ," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून घरी आणून भाड्याने घेतलेल्या उंच पलंगावर निजवलं. तिला अजिबात गारठू देऊ नका, असं डॉक्टरांनी पुन्हापुन्हा बजावलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात बर्फाळ पावसाने तारा तुटल्या आणि एका सकाळी वीज गेली. बॉयलर बंद, पंप बंद. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, अँब्युलन्सलाही वाट नाही. बायको शिकागोत अडकलेली. घरात मी, आई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी.

दुपारपर्यंत खोली गार पडली. होती नव्हती ती पांघरुणं घालूनही आईचे ओठ निळसर दिसायला लागले. मी मूर्खासारखा बंद थर्मोस्टॅटची बटणं दाबत बसलो होतो.

मुलगी अनवाणी उभी होती. "डॅड, द फ्लोअर इज स्टिल वॉर्म. जस्ट पुट हर डाउन."

बरोबरच होतं. काँक्रीट तासन्‌तास ऊब धरून ठेवतं, हे मीच तिला सांगितलं होतं. पण माझे हात उचलेनात. आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला पलंगावरून जमिनीवर घेतात. वडिलांना मीच घेतलं होतं. थोड्याच वेळात सगळं आटोपलं. हे या पोरीला कुठल्या शब्दांत सांगणार? मी तिच्यावरच खेकसलो. ती रडायला लागली, पण जागची हलली नाही. शेवटी आम्ही फरशीवर पातळ चादर घातली, आईला तिच्यावर निजवलं आणि सगळी पांघरुणं वरून टाकली.

आईने डोळे उघडले. आधी पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तोंडात तुळशीचं पान ठेव रे," ती म्हणाली.

माझा बांधच फुटला. "अगं, फरशी गरम आहे म्हणून! फक्त म्हणून!" तिला काही पटेना. उलट तीच माझा हात थोपटत राहिली. मग मी सरळ तिच्या शेजारी आडवा झालो. पलीकडून मुलगीही झोपली.

"सगळेच निघालात होय?" आई म्हणाली.

अंधार पडायच्या आत वीज आली. तोवर फरशी जेमतेम कोमट उरली होती, पण आईचे तळपाय गरम होते. तिला वर उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. पाठीला बरं वाटतंय." पलंग परत पाठवला. मला ते जमिनीवरचं अंथरूण बघवत नसे. रोज सकाळी दारातूनच तिचा श्वास ऐकायचो आणि मग आत जायचो.

मार्चमध्ये ती गेली, तेव्हा तिला खाली घ्यावं लागलं नाही. तुळशीचं पान तेवढं ठेवलं.