मेणाचा आवाज

आमच्या शेजारचे चिंतामणभट म्हणजे अमरावतीतला सगळ्यात खणखणीत गळा. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची, सव्वीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी मुदतीच्या तापातून भट उठले, पण आवाज काही उठला नाही. तोंडातून नुसती हवा निघायची. वलगावच्या एका लग्नात शेवटचं 'सावधान' कुणालाच ऐकू आलं नाही. पाहुणे अक्षता मुठीत धरून उभे, वाजंत्री एकमेकांकडे बघताहेत. त्यानंतर यजमान दुसऱ्या भटाकडे वळले. लोकांना मंत्र कुठे कळतात? त्यांना आवाज कळतो.

जर्मनीत शिकून आलेल्या एका डॉक्टरानं आरशातून गळा पाहिला. आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक लुळा पडला होता. त्यात मेण टोचलं की तो फुगेल आणि दुसरा त्याला टेकेल, असं तो म्हणाला. भट कचरले. त्यांची म्हातारी आई सत्यभामाबाई मात्र हटून बसली.

"चरबी तं नाही ना त्यात?" एवढंच तिनं विचारलं. मातीच्या तेलातून काढतात म्हटल्यावर म्हणाली, "काहून भेतो मंग? जाय."

डॉक्टरानं गळा बधिर केला, जीभ फडक्यात धरून ठेवायला लावली आणि लांब वाकडी सुई आत घातली. मग 'आ' म्हणायला सांगितलं. जुना आवाज लख्ख बाहेर आला. भट खुर्चीतच रडले.

"आता दोन आठवडे मुकं राहायचं," डॉक्टर म्हणाला. "कुजबुजलात तरी मेण सरकेल. पुन्हा टोचता येणार नाही."

आठवडाही झाला नव्हता, तोच सत्यभामाबाईंना अर्धांगाचा झटका आला. तोंडात गंगा घातली. भटांच्या धाकट्या भावानं, कमलाकांतनं, कानात रामनाम घेतलं, तर तिनं मान फिरवली.

"चिंतामणा, तू म्हण. मले तुझ्या तोंडून ऐकू दे."

मौनाचं ती विसरून गेली होती. भटांनी तोंड उघडलं. त्यांची बायको रमा पायथ्याशी बसली होती.

"बोलू नका," ती म्हणाली. "पाच लेकरं आहेत आपले."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. भटांनी आईचा हात धरला आणि ओठ मिटले. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत बघतच गेली.

दहाव्याच्या दिवसापर्यंत मौनाची मुदत संपली होती. पेढी नदीच्या काठी भटांनी पिंड ठेवला आणि आईचं नाव-गोत्र उच्चारलं. आवाज असा, की पलीकडे धुणं धुणाऱ्या बायांनी वर पाहिलं. कावळे झाडावर होते, पण एकही उतरेना. कमलाकांतनं घर सांभाळायचं वचन दिलं, रमानं हात जोडून माफी मागितली. शेवटी भट पिंडाशी वाकून "राम, राम" म्हणू लागले, आधी हळू, मग मोठ्यानं. ऊन डोक्यावर आलं.

अशा वेळी काय करायचं, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. कितीतरी घरांना त्यांनीच ते करून दिलं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा वळला आणि स्वतःच्या हातानं आईच्या पिंडाला शिववला.