पेण ते रोहा, उघड्या टपाने

चिपळूणहून एसटी सुटली तेव्हा वसंत खिडकीशी बसला होता आणि मी त्याच्या शेजारी, तोंड फुगवून. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही पुष्कळ हिंडलो. पण हा प्रवास मला मुळीच करायचा नव्हता.

झालं होतं ते असं. पावसाळ्यात डॉक्टरांनी वसंतला सांगितलं की काचबिंदूमुळे त्याची नजर कडांकडून आत आत येत चालली आहे. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही. गाडी चालवणं आता बंद. वसंत शाळेत कार्यशाळेचा शिक्षक होता, यंत्रं हा त्याचा जीव. त्याने निमूटपणे आमची गाडी विकून टाकली आणि त्या दिवसापासून बोलणंही जवळजवळ टाकलं. मग थंडीच्या सुरुवातीला एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "नीला, पेणला मी एक गाडी घेतली आहे. जुनी आहे. दोन माणसांची, टप उघडणारी. तरुणपणापासून हवी होती मला."

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"आधी दुरुस्त तर होऊ दे," असं म्हणून त्याने कप विसळायला नेला.

पेणला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती, तरी खाडीकडचं धुकं अजून जमिनीला धरून होतं. रामवाडीजवळ, महामार्गापासून जरा आत, दत्ता म्हात्रे यांचं गॅरेज होतं. गाडी मागच्या अंगाला, शेवग्याखाली उभी होती. उभी म्हणजे टेकलेली. चारही टायर बसलेले, टपाचं कापड कुजून नुसती सळ्यांची कमान उरलेली, फायबरच्या बॉनेटला आडवी चीर, आणि सीटच्या स्पंजमध्ये उंदरांनी केलेली घरं. रंग कधीकाळी लाल असावा.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. वसंत मात्र गाडीभोवती हात फिरवत एक फेरी घालून आला. दाराची कड, आरशाची दांडी, दिव्याची खोबण, सगळं बोटांनी पाहून झालं आणि तो म्हणाला, "सांगाडा सरळ आहे. अपघातातली नाही ही."

"नाय हो काका, नुसती उभी राहून मेलीय," दत्ता म्हणाला. "आपण उठवू तिला. चार दिवसांत."

दत्ताचे चार दिवस कसे असतात ते आम्हाला पुढे कळलं. आम्ही एसटी स्थानकाजवळच्या लॉजवर खोली घेतली. रोज सकाळी दत्ता "आज नक्की" म्हणायचा आणि संध्याकाळी "उद्या नक्की". मधल्या वेळात वसंत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचा आणि रॉकेलच्या डब्यात कार्ब्युरेटरचे सुटे भाग धूत राहायचा. बारीक छिद्रं तो फुंकून, कानाशी धरून तपासायचा. ब्रेक गंजून धरले होते, ते दत्ताने सोडवले. वायरिंग दोघांनी मिळून नवं ओढलं. तेव्हा रंग सांगायचं काम माझं. "ही हिरवी, ही तपकिरी," मी म्हणायची, रागातच. पण मी कान देऊन ऐकत होते. पावसाळ्यापासून मुका झालेला माझा नवरा एका अनोळखी माणसाशी तासन्‌तास बोलत होता.

दुपारी मी गावात भटकायची. पोह्यांच्या गिरण्यांतून येणारा भाजक्या भाताचा वास, अंगणात खाटांवर वाळत घातलेले पोह्याचे पापड, आणि जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या कडव्या वालांची आमटी). खाडीकडे गेलं की जुनी मिठागरं लागत. बरीचशी ओस पडलेली, पण पाणी अजून चौकोनाचौकोनांत साचतं आणि त्यात आभाळ उतरतं. बांधावर उभं राहिलं की वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेनासं होई. मी तिथे उगाचच बराच वेळ उभी राहायची. घरी परतायची घाई का वाटेना, हे मलाच समजत नव्हतं.

रंगाची वेळ आली तेव्हा दत्ता आम्हाला हमरापूरला घेऊन गेला. तिथल्या कारखान्यांत गणपती घडतात. त्याचा मेहुणा मूर्ती रंगवायचा आणि बॉनेटची चीरही त्यानेच भरून दिली होती. शेड लांबलचक होती. दोन्ही बाजूंना मांडणीवर न रंगवलेले पांढरे गणपती, ओळीमागे ओळ, छपरातून उतरणाऱ्या उन्हात तरंगल्यासारखे. "धुक्यात आल्यासारखं वाटतंय," वसंत हळूच म्हणाला. तो चालता चालता एकदम थांबला. समोर एकच मूर्ती रंगवून पूर्ण झाली होती.

"हा पीतांबर दिसतो मला," तो म्हणाला. "लाल मला काळपट दिसतो, निळा विरघळून जातो. हा पिवळा स्वच्छ दिसतो, नीला."

इतक्या महिन्यांत त्याने आपल्याला काय दिसतं आणि काय नाही ते प्रथमच सांगितलं होतं. मेहुण्याने मूर्तीच्या पिवळ्याशी जुळणारा गाडीचा रंग शोधून आणला. दोन दिवसांनी शेवग्याखाली हळदीसारखी पिवळीधमक गाडी उभी होती आणि दत्ताने किल्ली फिरवताच खोकत, शिंकत सुरूही झाली. फक्त टप नव्हता. सळ्यांची कमान गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती. असं कापड शिवणारे चाचा रोह्याला होते. गाडी तिकडेच न्यावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी मी लॉजवर सामान आवरत होते, तेव्हा दत्ता धापा टाकत आला. "काकी, चला जरा. कुणाला लागलं नाय. पण चला."

वसंतने सकाळी दत्ताकडून किल्ली मागून घेतली होती. नुसती पुढेमागे करतो, म्हणाला. आणि गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर काढून खाडीकडच्या रस्त्याला लागला होता. डाव्या बाजूने डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन एक बाई रस्त्यावर आली. त्याला ती दिसलीच नाही. तिनेच मागे उडी घेतली, पाटी पडली आणि शेंगांवरून चाक गेलं, तेव्हा त्याला समजलं.

मी पोहोचले तेव्हा गाडी आडवी उभी होती आणि ते दोघं बांधावर शेजारी शेजारी बसले होते. वसंतचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्या बाईचं नाव हिराबाई. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. स्वतः न पिता तिने ती त्यालाच दिली होती.

"मी चांगली शिवी घातली यांना," ती मला म्हणाली. "डोलं फुटलं काय, म्हटलं. तर हे म्हणतात, होय बाई, फुटलेच आहेत. मग काय बोलायचं गो?"

मी तिची माफी मागितली, खाली बसून शेंगा वेचू लागले. वसंत समोर पाहत म्हणाला, "दत्ताला देऊन टाकू ही गाडी. आपण संध्याकाळच्या एसटीने जाऊ." त्याचा आवाज पुन्हा तसाच झाला होता, पावसाळ्यानंतरचा.

मी "बरं" म्हणायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून मला तेच तर हवं होतं. पण मी शेंगाच वेचत राहिले.

हिराबाईने पाटी उचलून माझ्याकडे पाहिलं. "तुला नाय येत काय चालवाया?"

"येतं," मी म्हणाले. "म्हणजे शिकलेय. लायसन आहे."

"मग तू का नाय चालवत गो बाय?"

वसंत उत्तम चालवायचा म्हणून मी कधी चालवली नाही, एवढंच. मी उठले, गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. हिराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिसऱ्यांदा गाडी पुढे सरकली आणि मी ती गॅरेजच्या फाटकापर्यंत आणली. वसंत मागून दत्ताचा हात धरून चालत आला. संध्याकाळची एसटी आम्ही जाऊ दिली.

पुढचे काही दिवस दत्ता माझा मास्तर झाला. "क्लच हळू सोडा काकी. हळू. हळू म्हटलं मी!" मिठागरांच्या बाजूला वर्दळ नव्हती. मी तिथे जात-येत राहिले. बगळे आधी उडायचे. नंतर नंतर उडेनासे झाले.

आणि एका सकाळी आम्ही निघालो. मागे सळ्यांची कमान दोरीने बांधलेली, डोक्यावर आभाळ. दत्ताने नारळ फोडला. हिराबाईने शेंगांची पुरचुंडी आणून दिली आणि वसंतला बजावलं, "आता गुमान बसायचं."

वडखळपर्यंत ट्रकांच्या मधून जाताना मी देवाचा धावा करत होते. नागोठण्याच्या पुढे हमरस्ता सोडला आणि रोह्याचा रस्ता धरला, तसा सगळा आवाज मागे राहिला. दोन्हीकडे कापणी झालेली भातखाचरं, त्यांत वालाचा हिरवा पसरलेला, आणि डोंगर अजून झोपेतच. आजवर आमच्या प्रवासात वसंत समोर पाहायचा आणि मी बाजूच्या खिडकीतून बाहेर. आता मलाही समोरच पाहायचं होतं आणि त्याला तर समोरचंच दिसत होतं. बाजू आम्हा दोघांनाही राहिल्या नव्हत्या. पण टप नसल्यामुळे त्या आपणहून आत येत होत्या.

"उजवीकडे पाणी आहे," वसंत म्हणाला.

"कशावरून?"

"हवा गार झाली." थोड्या वेळाने, "कुणीतरी पेंढा जाळतंय." मग, "शाळा. प्रार्थना चाललीय." तो डोळे मिटून, चेहरा वर करून बसला होता.

एका चढणीवर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागून टेम्पोचा हॉर्न. माझं डोकं बधिर झालं. "हँडब्रेक ओढ," वसंत अगदी शांतपणे म्हणाला. "ओढलास? आता श्वास घे. क्लच सोडताना इंजिनाचा आवाज जड होईल. तो जड झाला की मी सांगतो." मी सोडत गेले. "आता," तो म्हणाला. गाडी वर चढली. टेम्पोवाल्याने जाता जाता हात दाखवला.

निडीच्या अलीकडे शेतात धूर दिसला. काही बायका-पुरुष पोपटी लावत होते (मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, मडकं उपडं घालून जाळात भाजतात). पिवळी गाडी पाहून त्यांनी हाका मारल्या आणि आम्हाला बसवूनच घेतलं. मडकं फुटलं, वाफ उठली.

"पाहुणे, भरलीय का शेंग, बघा बरं," एक म्हातारबा म्हणाले.

"बघता येत नाही मला नीट," वसंत म्हणाला, अगदी सहज, नाव सांगावं तसा. "पण ओवा घातलाय. आणि मीठ जरा कमी झालंय."

सगळे हसले. म्हातारबांनी त्याच्या तळहातावर मिठाची चिमूट ठेवली. आम्ही गरम शेंगा सोलत तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. धूर, ऊन आणि माणसांचं बोलणं सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

रोह्याला कुंडलिकेच्या काठाजवळ चाचांचं दुकान होतं. ते ट्रकच्या ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवत. गाडी पाहून त्यांनी चष्मा पुसला. दोन दिवस आम्ही रोह्यात राहिलो. संध्याकाळी नदीकाठी बसायचो. पाणी चाललंय की थांबलंय ते कळू नये इतकं संथ. टप तयार झाल्यावर चाचांनी तो चढवून दाखवला. काळा, ताणलेला, सुबक. "काही दिवस बंदच ठेवा, म्हणजे कापड नीट बसेल," ते म्हणाले. वसंतने मान डोलावली. रोह्याच्या बाहेर पडताच तो म्हणाला, "उघड." मी गाडी कडेला घेतली. दोघांनी मिळून टप मागे दुमडला.

चिपळूणला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आमच्या घराचं फाटक अरुंद आहे. मी थांबले, आत घालायचा धीर होईना. वसंत उतरला, भिंत चाचपत खांबापर्यंत गेला. एक हात खांबावर आणि एक गाडीच्या पिवळ्या अंगावर ठेवून म्हणाला, "ये."

प्रवासाला निघताना मी म्हणत होते, चालवणार कोण. आता ते मला नीटसं सांगता येणार नाही. त्या अंधुक उजेडात मला बाजूचं काही दिसत नव्हतं. मी त्याच्या आवाजावर गाडी आत घेत होते.

"ये... ये... थोडी डावीकडे... ये."

खांब बोटभर अंतरावरून मागे सरला.

"थांब," तो म्हणाला, आणि मी थांबले.